लाकडाचे बदक आणि पारध्याचा तित्तर

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात सावंतवाडीहून आणलेली लाकडी फळे आहेत. दोन आंबे, एक सीताफळ आणि केळ्यांची फणी. घरी आलेली लहान मुले हमखास त्यांना हात घालतात. एकदा तर शेजारच्या काकूंनीही "अजून आंबे मिळतात?" असे भर पावसाळ्यात विचारले होते. या फळांच्या शेजारी गेली काही वर्षे एक लाकडी बदक येऊन बसले आहे. ते माझ्या भाच्याने दिले. तो अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो. त्याच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ फावल्या वेळात अशी बदके कोरतात, रंगवतात आणि स्नेह्यांना भेट देतात. मी त्याला शोभेची वस्तू समजून चाललो होतो. भाचा म्हणाला, "मामा, हे खेळणे नव्हे. हे शिकारीचे हत्यार आहे."

बंदूक नाही, भाला नाही, आणि हत्यार कसले? पण त्याने समजावून सांगितले तेव्हा पटले. आकाशातून बदकांचा थवा जात असतो. खाली पाण्यावर आपलीच जातभाई मंडळी निवांत बसलेली त्याला दिसतात. याचा अर्थ खाली दाणापाणी आहे आणि धोका नाही. थवा उतरतो, आणि काठावरच्या गवतात दबा धरून बसलेला शिकारी बार काढतो. पाण्यावरची ती निवांत मंडळी लाकडाची असतात. इंग्रजीत याला डिकॉय म्हणतात. आपण भुलवा पक्षी म्हणू या.

भुलवण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. पंचवटीत सीतेच्या पर्णकुटीपुढे बागडलेला कांचनमृग दुसरे काय होता? फरक एवढाच, की तिथे सावज हरीण नव्हते, हरणामागे धावणारा शिकारीच सावज होता. असो.

या बदकाचा पाठपुरावा करताना मला बराच इतिहास सापडला. १९२४ साली अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या लवलॉक नावाच्या गुहेत उत्खनन झाले. तिथे लव्हाळ्याची बदके सापडली. तिथल्या मूलनिवासी लोकांनी लव्हाळे वळून त्यांची शरीरे केली होती, त्यांवर रंग दिला होता, काहींना खऱ्या बदकाची पिसे लावली होती. ही बदके सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे आपल्याकडे सातवाहन नांदत होते त्या सुमारास तिकडे कोणीतरी तळ्याकाठी बसून गवताचे बदक वळत होते.

डिकॉय हा शब्द मात्र डच भाषेतून आला असे मानतात. डच लोक तळ्याला वळणदार चर जोडत, चरांवर जाळी घालत, आणि तळ्यात माणसाळलेली बदके सोडत. जोडीला एक छोटा कुत्रा असे. तो चराच्या काठाने दिसेनासा होत पुन्हा दिसत जाई, आणि रानबदके कुतूहलाने त्याच्या मागोमाग जाळीत शिरत. कोय म्हणजे पिंजरा. त्या पिंजऱ्याचे नाव पुढे पिंजऱ्याकडे नेणाऱ्या बदकाला चिकटले.

अमेरिकेत गोरे लोक स्थिरावल्यावर लाकडी बदकांचा धंदा झाला. शहरांतल्या हॉटेलांना बदके पुरवणारे धंदेवाईक शिकारी एकेका तळ्यावर शेकडो लाकडी बदके मांडत. देवदार किंवा पाइनचा ठोकळा कुऱ्हाडीने घडवायचा, रंध्याने गुळगुळीत करायचा, मान वेगळी कोरून बसवायची, पाण्यात कलंडू नये म्हणून पोटाखाली शिशाचे वजन ठोकायचे. हे काम वरवर सोपे वाटते. पण मान ताठ ठेवली तर ते बदक सावध झालेले दिसते, आणि वरचा थवा बिचकून निघून जातो. मान खांद्यात ओढून घेतलेले, पोट भरलेले, डुलकी घेणारे बदक कोरता आले पाहिजे. म्हणजे लाकूड कोरणाऱ्याला बदकाचे समाधान ठाऊक असावे लागते. मला हे फार विलक्षण वाटले. ज्याला मारायचे, त्याच्या सुखाचा एवढा अभ्यास!

पुढे शिकार इतकी झाली की पक्षी संपत आले. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांसाठी कायदा आला आणि बाजारासाठी होणारी शिकार थांबली. १९३५ साली जिवंत बदके भुलावणीला वापरण्यावरही बंदी आली. त्यानंतर प्लास्टिकची बदके आली आणि हाताने कोरणाऱ्यांचे काम जवळजवळ संपले. पण संपले म्हणता म्हणता ते वेगळ्याच वाटेने वाढले. मेरीलँडमधल्या क्रिसफील्ड गावात लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ होते. व्यवसायाने न्हावी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते बदके कोरत. सुरुवातीला शिकाऱ्यांसाठी, नंतर कपाटात ठेवण्यासाठी. आज त्यांचे नाव तिकडे थोर कलावंत म्हणून घेतले जाते. एल्मर क्रोवेल नावाच्या दुसऱ्या कारागिराची दोन बदके २००७ साली प्रत्येकी दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. शिकारीचे हत्यार संग्रहालयात गेले, निवृत्त माणसांचा छंद झाले, आणि त्यातले एक उडत उडत गोव्यात माझ्या कपाटात आले.

मग साहजिकच मनात आले, आपल्याकडे असे काही होते का?

या प्रश्नाचे उत्तर मला गोव्यात नाही, बिदरकडे सापडले. आपल्यापैकी अनेकजण गाणगापूरला जातात. भीमा-अमरजा संगमावर स्नान, माधुकरी, पादुकांचे दर्शन, आणि परत. मीही असाच गेलो होतो. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात येते. २०१४ पर्यंत त्या जिल्ह्याचे अधिकृत नाव गुलबर्गा होते. या वेळी हाताशी दोन दिवस जास्त होते, म्हणून कलबुर्गीहून पुढे बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला गेलो. रस्त्यात पाट्या कन्नड, पण एसटी स्टँडवर कानांवर येते ती मराठी. बसवकल्याण, भालकी, औराद या भागांत मराठी घरोघर आहे. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला.

बसवकल्याण म्हणजे जुने कल्याण, चालुक्यांची राजधानी. बिल्हणाचे 'विक्रमांकदेवचरित' इथल्या दरबारातले, विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' इथलीच, आणि बसवेश्वरांचा अनुभवमंडपही इथलाच. इथे सोमेश्वर तिसरा नावाचा राजा ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. त्याच्या नावावर 'मानसोल्लास' किंवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा ग्रंथ आहे. शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास तो सिद्ध झाला. शंभर अध्यायांत राजाला जे जे म्हणून ठाऊक असावे ते सर्व यात आहे : राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, काय खावे, काय ल्यावे, कोणते खेळ खेळावेत. मराठी माणसाला तर हा ग्रंथ फार जवळचा. त्यातल्या गीतांच्या प्रकरणात जुन्या मराठीतल्या ओळी आहेत, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या गातात असा उल्लेखही आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला भाग १९२५ साली प्रसिद्ध झाला.

गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक धागा. आपले कदंब हे या चालुक्यांचे मांडलिक. गोव्याचा कदंब राजा जयकेशी दुसरा याला सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य सहावे यांनी आपली मुलगी मैलळदेवी दिली होती. म्हणजे 'मानसोल्लास'कार हा गोव्याच्या राणीचा भाऊ. माहेरी लिहिलेल्या या ग्रंथाची वार्ता गोव्याच्या राजवाड्यात आली असेल का, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

या ग्रंथात शिकारीचे प्रकरण विनोदांमध्ये घातले आहे. विनोद म्हणजे इथे मन रमवणे. मासेमारी हाही विनोदच. कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे हे राजाने लिहून ठेवले आहे. हत्ती पकडण्याच्या रीती सांगताना माणसाळलेल्या हत्तिणीच्या साह्याने रानहत्ती वश करण्याची रीत येते. आणि हरणांच्या शिकारीत शिकवून तयार केलेले हरीण पुढे करून रानातले हरीण भुलवण्याची युक्ती आहे. म्हणजे भुलवा प्राणी आपल्याकडे होता, तो राजाच्या ग्रंथात सन्मानाने नोंदलेलाही होता. मात्र तो लाकडाचा नव्हता, जिवंत होता.

हीच युक्ती पुढे अकबराच्या काळातही दिसते. अबुल फजलच्या 'ऐने अकबरी'त माणसाळलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळी बांधून त्याला रानातल्या काळविटाशी झुंजायला सोडत, असे वर्णन आहे. दोघांची शिंगे भिडली की रानातला अडकला. आणि मागे जावे तर पाली जातककथांत भुलवा तित्तर आहे. त्याला दीपक तित्तर असे नाव आहे. दिवा आणि पतंग आठवावेत असाच हा शब्द. त्या कथेतला तित्तर पारध्याच्या पिंजऱ्यात असतो. तो साद घालतो आणि त्याचे भाऊबंद येऊन जाळ्यात सापडतात. त्याला याचे फार वाईट वाटते. तो गप्प राहून पाहतो, तर पारधी त्याच्या डोक्यात बांबू मारतो, आणि वेदनेने त्याच्या तोंडून जो आवाज निघतो त्यालाही इतर तित्तर फसतात. शेवटी तो एका तपस्व्याला विचारतो, हे पाप माझे का? तपस्वी सांगतो, तुझ्या मनात तसे नव्हते, म्हणून ते तुला लागत नाही.

ही कथा वाचल्यावर मला कपाटातले लाकडी बदक फार सुखी वाटू लागले. त्याला असला प्रश्न पडत नाही.

बसवकल्याणहून बिदरला जाताना हुमनाबादजवळ चहाला थांबलो होतो. टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळले की ते फासेपारधी. त्यांचे वडील माळावर तित्तर धरत. हे म्हातारबाबा आता मुलाबरोबर मजुरीला जातात. मी भुलव्या पक्ष्याविषयी विचारले तेव्हा ते आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "आता बंद आहे सायब. कायदा आहे." मी म्हटले, "शिकारीचे नाही हो, जुन्या रीतीचे विचारतो." तेव्हा थोडे मोकळे झाले. पिंजऱ्यात पाळलेला नर तित्तर माळावर ठेवायचा. भोवती फाशांची ओळ लावायची. पहाटे तो बोलला की त्या भागातला रानातला नर चिडून येतो, माझ्या जागेत हा कोण म्हणून. भांडायला येतो आणि पाय फाशात अडकतो. "आणि पाळलेला बोललाच नाही तर?" मी विचारले. म्हातारबाबांनी तोंडाजवळ हात नेला आणि असा आवाज काढला की टपरीवाल्याने मान वळवून मागच्या बाभळीकडे पाहिले.

या समाजाच्या कसबाची नोंद ब्रिटिश अमदानीतल्या अधिकाऱ्यांनीही केली आहे. शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने सावजाजवळ जायचे, ही त्यांची दुसरी रीत. जनावर चरत चरत पुढे सरकते, हरणाला किंवा मोराला त्याची भीती वाटत नाही, आणि मागचा माणूस त्याला हळूहळू फाशांकडे वळवतो. यासाठी सावजाला कशाची भीती वाटते, कशाची वाटत नाही, कधी ते भांडते, कधी पळते, हे सारे ठाऊक असावे लागते. क्रिसफील्डचे न्हावी बदकाबद्दल जे जाणत होते, तेच ज्ञान हे.

पण या ज्ञानाच्या वाट्याला काय आले? राजाच्या हाती होते तेव्हा त्याचे नाव विनोद. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुसऱ्या अंकात सेनापती राजाजवळ शिकारीची हीच तरफदारी करतो, की लोक तिला उगाच व्यसन म्हणतात, एवढा छान विनोद दुसरा कुठला! आणि तेच कसब पोटासाठी करणाऱ्याच्या हाती असले की त्याचे नाव गुन्हा. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो सगळीकडे लागू करता येईल असा झाला. पारध्यासारख्या जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. रोजची हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. कलबुर्गीला लागून असलेल्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हजेरी बंद करून या लोकांना कामे दिली, पण असे राजे थोडे. गोव्यात पोर्तुगीज अंमल असल्यामुळे हा कायदा आपल्याकडे नव्हता, तरी पारधी म्हटले की चोर ही समजूत आपल्याकडेही सीमा ओलांडून आलीच. कायदा १९५२ साली रद्द झाला. समजूत रद्द करण्याचे कलम कोणत्याही कायद्यात नसते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता. तो आला नसता तर बिदरकडच्या माळांवर आज काळवीट दिसले नसते, आणि सुरपूरजवळच्या बोनाळ तलावावर हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आपल्याला पाहायला मिळाले नसते. (सुरपूर पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होते, आता यादगीर जिल्ह्यात आहे. तलाव तिथल्या बेडर नायकांच्या काळातला. बेडर म्हणजे मूळचे शिकारीच.) शिकार बंद झाली याचे मला मुळीच दुःख नाही. प्रश्न वेगळा आहे. शिकार अमेरिकेतही आटली आणि आपल्याकडेही. तिकडे शिकारीतून जन्मलेली नजर छंद होऊन जगली, इकडे ती नाहीशी होत आहे. असे का?

कारागिरी नव्हती असे म्हणता येणार नाही. बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालाचे लाकडी खांब एकदा पाहावेत. ज्या गावात शिंपल्याचे तुकडे दगडात बसवणारे आणि जस्ताच्या भांड्यावर चांदीची वेल जडवणारे हात होते, तिथे बदक कोरणे काय अवघड? पण बिदरी कारागीर शिकारीला जात नव्हता आणि पारधी लाकूड कोरत नव्हता. त्याचा भुलवा पक्षी जिवंत होता, नाहीतर त्याच्या गळ्यात होता. लाकडी बदक शिकार संपल्यावर कपाटात ठेवता येते, त्याचा लिलाव होतो, त्यावर पुस्तके निघतात. तित्तराचा आवाज कुठल्या कपाटात ठेवणार? वस्तू उरते, कसब माणसाबरोबर जाते. आणि ज्याच्याकडे ते कसब आहे त्याला ते उघड सांगायचीही भीती वाटत असेल, तर मुलांना तो काय शिकवणार?

यावर उपाय नाही असे नाही. आपले थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांची सुरुवात मुलपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिले आहे. १९३१-३२ साली त्यांनी हैदराबाद राज्याच्या पक्ष्यांची पाहणी केली, त्या राज्यात बिदर आणि गुलबर्गाही होते. बंदूक धरणारा मुलगा पक्षीतज्ज्ञ होऊ शकतो, तर फासे लावणाऱ्याचा नातू का नाही? माळावर पावलाचा ठसा पाहून कोण गेले ते सांगणारी, आवाजावरून नर-मादी ओळखणारी माणसे आपल्याकडे आहेत. पक्ष्यांच्या मोजणीला, पाहुण्यांना रान दाखवायला, त्यांच्याइतका जाणता माणूस कुठे मिळणार? पण त्यासाठी आधी त्यांच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलायला हवी.

गोव्यात परतल्यावर एका सकाळी करमळीच्या तळ्यावर गेलो. थंडीचे दिवस होते. अडया आणि तलवार बदके पाण्यावर पसरली होती. कितीतरी बदके मान खांद्यात ओढून डुलक्या घेत होती. ती आकृती मला चांगलीच ओळखीची वाटली, घरच्या कपाटात मी ती रोज पाहतो. पण आधी कधी जिवंत बदकात ती पाहिली नव्हती. लाकडाने मला पाहायला शिकवले म्हणायचे.

निघताना काठावरच्या झुडपातून कसलीशी साद आली. हुमनाबादची टपरी आठवली आणि मीही नकळत मान वळवून पाहिले. पक्षीच होता. घरी आल्यावर बायकोला हे सांगितले, तर ती म्हणाली, "त्या म्हातारबाबांचं नाव तरी विचारलंत का?" नव्हते विचारले. बदक कोरणाऱ्या त्या अमेरिकन गृहस्थांचे नाव मात्र मला ठाऊक आहे, बदकाच्या पोटाखाली ते कोरलेले आहे.